आकडा धरणाचा, नळ आपला

जयपुरात माझ्या मावसबहिणीकडे फिल्टरवाला आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्यानं नळाच्या पाण्यात पेनासारखं यंत्र बुडवलं; आकडा आला ४१०. मग दोन सळ्यांचं दुसरं यंत्र काढून प्लगला लावलं. मिनिटभरात नळाचं पाणी तांबूस-काळं झालं, शेजारच्या ग्लासातलं आरओचं पाणी मात्र जसंच्या तसं. "देखिए बहनजी, आप यही पी रही हैं!"

तो गाळ पाण्यातला नव्हता, सळीच्या लोखंडाचा होता. क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते आणि सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षारच जेमतेम, म्हणून तिथे काही होत नाही. जादूगाराची हातचलाखी बरी, निदान तिचं तिकीट असतं.

आणि ते पेन? ते पाण्याची वाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं, म्हणजेच टीडीएस. आयएस १०५०० या भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २०००. मग ४१०ला काय भ्यायचं? भ्यायचं ते या पेनाला दिसत नाही. राजस्थानच्या भूजलाचं जुनं दुखणं फ्लोराइड. त्याची कमाल मर्यादा दीड मिलिग्रॅम. ४१०मध्ये दीड कुठून कळणार? नायट्रेटची मर्यादा ४५. ई. कोलायसारखा जिवाणू तर क्षारच नव्हे, आकडा शंभर असला तरी तो पाण्यात असू शकतो.

पाण्याचा अहवाल शोधायला भाच्यानं लगेच फोन काढला आणि नगर निगमची साइट उघडली. पुण्या-मुंबईच्या माणसाचा हाच गैरसमज होतो. जयपुरात पाणी नगर निगम देत नाही, राज्याचा जलदाय विभाग, म्हणजे पीएचईडी देतो. तक्रारीसाठी राजस्थान संपर्कचा १८१ क्रमांक आहे.

"ऑनलाइन काहीच नसतं" हेही खरं नाही. जल जीवन मिशनच्या पोर्टलवर २०२१पासून पाणी-तपासणीचे निकाल कुणालाही बघता येतात. फक्त योजना ग्रामीण आहे, त्यामुळे तिथे जयपूर जिल्ह्यातली गावं सापडतात, शहरातली गल्ली नाही. केंद्रीय भूजल मंडळाचे अहवालही खुले आहेत, पण ते विहिरी-बोअरचे. शहरी नळांची गाजलेली तपासणी नोव्हेंबर २०१९ची. तिच्यात मुंबई पहिली आली, दिल्ली शेवटची. ज्या १३ राजधान्यांचा एकही नमुना सगळ्या निकषांना उतरला नाही, त्यांत जयपूर होतं. पण एका निकषावर नापास म्हणजे विष नव्हे. कडकपणा जास्त असला तरी नमुना नापासच.

अमेरिकेत १९९६च्या कायदादुरुस्तीपासून सार्वजनिक पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांना ग्राहकांसाठी दरवर्षी पाण्याचा अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे नळाच्या पाण्याला आयएस १०५०० सक्तीचंच नाही. मला तरी गोम तिथेच दिसते.

समजा, उद्या सगळे अहवाल पोर्टलवर आले. तरी बिसलपूर धरणाचा आकडा म्हणजे आपल्या नळाचा आकडा, असं होत नाही. १९८२च्या आशियाई खेळांत ज्या रामगढ तलावात नौकानयन झालं, तो पुढे आटला आणि जयपूर २००९पासून टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बिसलपूर धरणावर विसंबून राहिलं. पाणी सूरजपुऱ्याला शुद्ध होतं आणि सुमारे शंभर किलोमीटर जलवाहिनीतून येतं. घरी ते चोवीस तास नसतं. पुरवठा थांबला की पाइपातला दाब जातो, आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कुणी थेट लाइनला मोटर जोडली, तर ओढ आणखी वाढते. म्हणून नळाला येणारा क्लोरीनचा हलका वास वाईट नाही. मानकाला शेवटच्या नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवाच असतो. टँकर किंवा ट्यूबवेलवरच्या वसाहतींना तर धरणाचा अहवाल वाचून उपयोगच नाही.

बहिणीला म्हटलं, नमुना प्रयोगशाळेत दे. मिशनच्या प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात लोकांचेही नमुने तपासतात. जिवाणू तपासायचे तर निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घे, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचव. आणि दोन बाटल्या भर: एक थेट नळाची, एक गच्चीवरच्या टाकीची.

टाकी शेवटची कधी धुतली, हे ती आठवायला लागली. आठवेना.