मोह : रानाच्या उपासाचा आधार

मार्चअखेर ताडोबापासून भामरागडपर्यंतचे रान उघडे पडते. सागाचा पाला पायाखाली चुरचुरतो, गवत वाळते, ओढे आटतात. नेमका याच दिवसांत निष्पर्ण मोह फुलतो. फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून त्यांच्या रसाळ पाकळ्या टपटप गळू लागतात. रात्री झाडावर वटवाघळे येतात, उजाडता वानरे. खाली चितळ, सांबर, भेकर, अस्वल. माणूस टोपली घेऊन पोचतो तोवर एक पंगत उठलेली असते.

सुकलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते, प्रथिने मात्र थोडी. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात रेनडिअर हिवाळाभर ज्यावर तगतो, त्या खाद्याचेही असेच. 'रेनडिअर मॉस' म्हणतात ते खरे शेवाळ नव्हेच. बुरशी आणि शैवल यांच्या सहजीवनातून बनलेले ते दगडफूल, आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचे नातलग. रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून ते खातो. त्यात पिष्टमय पदार्थ भरपूर, प्रथिने नगण्य. म्हणून त्याचे शरीर बराचसा युरिया बाहेर न टाकता पुन्हा जठराकडे वळवते आणि तिथले सूक्ष्मजीव त्यातल्या नायट्रोजनपासून प्रथिने घडवतात.

हे दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. अलास्काच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले होते. १९६३ पर्यंत ते सुमारे ६,००० झाले. तोवर त्यांनी दगडफूल ओरबाडून संपवले होते. पुढचा हिवाळा कडक निघाला. १९६६ मध्ये उरले फक्त ४२.

रान किती जनावरे पोसेल, हे उपासाच्या महिन्यांवर ठरते. आपल्याकडे त्या महिन्यांचा आधार मोह. मोठा मोह सहसा कोणी तोडत नाही. गोंड-माडिया घरांत तो पूज्य आहे. काळजी आहे ती नव्या झाडांची. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यात रोपे होरपळतात, कधी वणवा लागतो. बिया तेलासाठी वेचल्या जातात, उरलेसुरले अंकुर गुरे खातात. आज रुजलेला मोह फुलायला दहाएक वर्षे लागतात.

फुले जरूर वेचावीत. कित्येक घरांचा उन्हाळा त्यांवर निघतो. पण पाला जाळण्याऐवजी झाडून काढावा किंवा झाडाखाली जाळी बांधावी, आणि काही बिया मातीत राहू द्याव्यात. अंधारात एकट्याने मात्र मोहाखाली जाऊ नये. चितळामागे वाघ येतो, आणि ताडोबा-भामरागडच्या या पट्ट्यात मोहफुले वेचताना माणसांचे जीव गेले आहेत.