कोळसा निवडतांना



तांदूळ शिजविण्यापूर्वीं निवडावे लागतात, हें आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असतें. कोळसाहि तसाच निवडून, धुऊन घ्यावा लागतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांस नवी वाटेल.

अँथ्रसाइट हा सर्वांत कठीण, चकचकीत व जवळजवळ धुरावांचून जळणारा कोळसा. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या ईशान्य भागांत त्याच्या प्रसिद्ध खाणी आहेत. पण खाणींतून तो एकटा निघत नाहीं; थरांमधील पाटीसारखा दगड बरोबर येतो. हा दगड उष्णता देत नाहीं, राख मात्र वाढवितो, आणि त्याच्या वाहतुकीचें भाडेंहि गिऱ्हाइकाच्याच माथीं बसतें.

एकोणिसाव्या शतकांत हे दगड मुलें वेचीत. 'ब्रेकर' नांवाच्या उंच इमारतींत कोळसा फोडून उतरत्या पन्हळींतून सोडीत, आणि फळ्यांवर ओळीनें बसलेलीं मुलें धुळींत वांकून हातांनीं दगड बाजूस काढीत. बोटें सुजत, रक्ताळत. १८८५ सालीं बारा वर्षांखालील मुलांस तेथें कायद्यानें मनाई झाली. तरी खोटीं वयें सांगून मुलें कामावर येतच राहिलीं. लुइस हाइन यांनीं १९११ सालीं पिट्स्टन येथें घेतलेल्या छायाचित्रांत त्यांचे काळवंडलेले चेहरे आजहि पाहावयास मिळतात.

वास्तविक येथें डोळ्यांपेक्षां वजनाची पारख अधिक उपयोगी. अँथ्रसाइटचें विशिष्ट गुरुत्व सुमारें १.५, तर दगडाचें सुमारें २.५. आपल्या गृहिणी धान्य रोळतात तेव्हां खडे तळाशीं बसतात. 'जिग' यंत्रांत खालींवर होणारें पाणी हेंच काम करतें. पुढें चान्स यांच्या पद्धतींत वाळू पाण्यांत सतत ढवळती ठेवून कोळशाहून जड व दगडाहून हलकें असें मिश्रण करण्यांत आलें. त्यांत कोळसा तरंगतो, दगड बुडतो. वाळूऐवजीं मॅग्नेटाइटची पूड वापरली, तर ती चुंबकानें परतहि मिळते.

तथापि धुण्यालाहि मर्यादा आहे. कोळसा बनतांनाच त्याच्या अंगांत मुरलेलीं खनिजें पाण्यानें सुटत नाहींत. तीं मोकळीं करण्यासाठीं फार बारीक दळावें, तर भुकटींतून शेगडींत हवा खेळत नाहीं. म्हणून राख अजिबात नाहींशी करतां येत नाहीं. ती किती उरूं द्यावी, एवढेंच ठरवितां येतें.

वजनाचा हा साधा नियम जगाला नवा नव्हता. मुलांची मजुरी स्वस्त होती, म्हणूनच पाण्याचें काम इतकीं वर्षें कोवळ्या बोटांनीं केलें.