जातीचा दाखला आणि रक्ताची परीक्षा

ज्या मार्कंड्यास वैनगंगा उत्तरवाहिनी होते, त्याच्या पलीकडे पसरलेल्या गडचिरोलीच्या अरण्यात हिवताप खोल मुरलेला आहे. आणि त्याचे जे व्हायवॅक्स परोपजीवी यकृतात दडून बसतात व काही महिन्यांनी पुन्हा उचल खातात, त्यांच्या नाशासाठी आरोग्यखाते चौदा दिवस प्रायमाक्विन देते. या गोळीची कुळकथा निर्मळ नाही.

१९४४ पासून अमेरिकेच्या इलिनॉयमधील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना डास चाववून मुद्दाम हिवताप दिला जाई आणि त्यांच्यावर औषधे पारखली जात, प्रायमाक्विन त्यांतलेच. संमतिपत्रावर कैद्यांच्या सह्या असत, हे खरे. परंतु ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, त्याची संमती कितपत मोकळी मानावी? न्यूरेंबर्गच्या खटल्यात जर्मन डॉक्टरांच्या बचावपक्षाने नेमका याच तुरुंगाचा दाखला दिला. पुढे तेथील काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू लागल्या, तेव्हा हा वंशाचा दोष समजला गेला. १९५६ मध्ये त्याचे मूळ जी-सिक्स-पीडी नामक विकराच्या उणिवेत सापडले. तांबडी पेशी या विकराच्या बळावरच औषधाचा दाह सोसते.

हीच उणीव पुढे भूमध्यसागराच्या काठी आढळली, मुंबईच्या पारशांत आढळली, आणि मध्य भारतातील आदिवासींत तिचा 'ओरिसा' नावाचा निराळा प्रकार आढळला. एका प्रकाराच्या नावात तर आपले कल्याण शहर आहे. म्हणून 'आदिवासी' एवढे रकान्यात लिहून औषध रोखावे, तर बहुसंख्य निर्दोष माणसे उपचारास मुकतात. आणि 'बिगर-आदिवासी' म्हणून निर्धास्त द्यावे, तर एखाद्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळी होते.

त्यातही स्त्रियांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषात उणीव असते किंवा नसते. स्त्रीत मात्र दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र नांदू शकतात, आणि नुसते 'आहे-नाही' सांगणारी स्वस्त चाचणी अशा स्त्रीस बहुधा निर्दोष ठरवते. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्विन एकाच मात्रेत काम उरकते खरे, पण ते शरीरात बराच काळ राहते. प्रायमाक्विन त्रास होताच थांबवता येते, टॅफेनोक्विन मात्र गिळल्यावर परत घेता येत नाही. म्हणूनच प्रौढास ते देण्यापूर्वी विकराची क्रिया सत्तर टक्क्यांहून अधिक असल्याचे मोजून पाहावे लागते. ते मोजणारे यंत्र, पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने तुटणाऱ्या भामरागडच्या वाटेवर, गोळीच्या आधी पोचले पाहिजे. आणि त्याचा खर्च औषधाच्या किमतीतच धरला पाहिजे, गोळी द्यावी की नाही हे आशाताईच्या अंदाजावर सोपवून चालणार नाही.