माळवदाची गळती आणि मातीचा भार

धाराशिव जिल्ह्यातील जुनी वस्ती माळवदाच्या घरांची आहे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या, लिंबाचा पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्यांची सामान्य रचना होय. शेताची काळी माती वाळली म्हणजे भेगाळते. गावठाणाची पांढरी माती तितकी भेगाळत नाही, म्हणून छतासाठी तिचीच निवड झाली. उन्हाळ्यात हे छत घर थंड ठेवते, हा त्याचा मोठा गुण.

घरात शिरणाऱ्या पाण्यासंबंधी बोलीतील क्रियापदे नेमकी आहेत. छत ‘गळते’, भिंत ‘पाझरते’ आणि पायाकडून ओल ‘चढते’. या तीन क्रियापदांत तीन कारणे सूचित होतात. गळतीचे मूळ छताच्या उतारात किंवा तुंबलेल्या पन्हळीत असते; पाझर सांध्यांतून येतो; चढणारी ओल जमिनीतून येते. कारण भिन्न, म्हणून उपायही भिन्न असला पाहिजे. ओल चढलेल्या मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आतच कोंडते व काही काळाने गिलाव्याचे पोपडे सुटतात.

प्रत्यक्षात गळतीवर एकच उपाय रूढ झाला: पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकणे. जुना थर खरवडून काढण्याचे श्रम बहुधा टाळले जात. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत गेला आणि कित्येक घरांत तो दीड-दोन फुटांवर पोहोचला. अर्धा मीटर जाडीच्या थराचे वजन दर चौरस मीटरास सुमारे ८०० किलोग्रॅम भरते. माती भिजल्यावर ते आणखी वाढते. पाणी अडविण्यासाठी घातलेला हा भार मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर व सैल सांध्यांच्या खांबांवर येत राहिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भिंती कोसळल्या, वरची माती झोपेत असलेल्या माणसांवर आली, आणि पुष्कळांचा अंत दगडमातीखाली गुदमरून झाला. पावसापासून रक्षण करणारा थरच जीवघेणा ठरला.

तथापि यावरून माळवद त्याज्य ठरत नाही. त्याच्या दुरुस्तीची रीत मात्र सदोष ठरते. पाणी जाडीने अडवावयाचे नसून उताराने बाहेर काढावयाचे असते. नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडावा, मातीची जाडी मर्यादित ठेवून खाली जलरोधक कापड अंथरावे, उतार पन्हळीकडे द्यावा, पन्हळीचे तोंड भिंतीपासून दूर काढावे आणि भिजून सुटलेले सांधे वेळीच भरावेत. गळते, पाझरते की ओल चढते, याचा निर्णय प्रथम व्हावा. मातीची पाटी त्यानंतर उचलावी.