एकस्वाच्या दाव्याची भाषा : आकुर्डीच्या एका खटल्याच्या निमित्ताने

न्यायालयात उभा राहून युक्तिवाद करणारा पुरुष, ही वकिलाची रूढ प्रतिमा होय. बौद्धिक संपदेच्या क्षेत्रातील वकिलाचे, विशेषतः पेटंटाचे काम पाहणाऱ्या अभिकर्त्याचे, मुख्य कार्य याहून भिन्न आहे. ते वाक्यरचनेचे आहे. एखाद्या यंत्राविषयी त्यास एक वाक्य असे लिहावयाचे असते, की अनुकरण करणाऱ्याचे यंत्र त्याच्या कक्षेत यावे, परंतु पूर्वी ज्ञात असलेले कोणतेही यंत्र येऊ नये. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातून निघालेल्या एका गाजलेल्या खटल्याच्या आधारे या वाक्याविषयी काही विवेचन येथे करावयाचे आहे.

पेटंटास शासकीय परिभाषेत एकस्व म्हणतात. १९७० च्या कायद्यान्वये नोंदणी होऊ इच्छिणाऱ्या अभिकर्त्याजवळ विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांपैकी एका विषयाची पदवी असावी लागते व सामान्यतः त्यास पेटंट कार्यालयाची परीक्षा द्यावी लागते. कार्यालयापुढील काम तो करतो. न्यायालयातील दावा वकील चालवितो. पुष्कळदा या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात. अर्जाचे दोन भाग ध्यानात घ्यावेत : विवरण आणि दावे. विवरण शोध समजावून सांगते, दावा त्याची हद्द आखतो. आणि प्रत्येक दावा, तो कितीही लांब असो, एकाच वाक्यात लिहिण्याचा प्रघात आहे. परीक्षकांचे आक्षेप, त्यांस उत्तरे, प्रतिपक्षाचा विरोध हे सर्व पुढे या वाक्याभोवतीच फिरते.

आकुर्डी येथील बजाज ऑटो कंपनीने जुलै २००२ मध्ये चार-स्ट्रोक इंजिनातील एका सुधारणेसाठी अर्ज केला व २००५ मध्ये तिला पेटंट मिळाले. ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या लहान इंजिनात हवा-इंधनाचे विरळ मिश्रण नीट जळावे म्हणून एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसविणे, हे तिचे सार होते. पल्सर मोटारसायकलीमुळे हे तंत्र सर्वश्रुत झाले. २००७ मध्ये टीव्हीएस कंपनीने ‘फ्लेम’ ही मोटारसायकल आणली. तिच्यातही दोन प्लग होते. मात्र बजाजच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, तर फ्लेमच्या इंजिनात तीन. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठविली. एकच पेटंट, एकच मोटारसायकल, आणि सव्वा वर्षात दोन विरुद्ध आदेश.

यात तांत्रिक मुद्दे अनेक होते व पूर्वज्ञात शोधांचाही प्रश्न होता. त्या सर्वांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. भाषेच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटतो तो एक प्रश्न : दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाचे वर्णन तीन व्हॉल्व्हच्या इंजिनास लागू पडते काय? ‘माझ्याजवळ दोन रुपये आहेत’ असे म्हणणाऱ्याजवळ तीन निघाले, तर तो खोटे बोलला असे तर्कशास्त्र म्हणणार नाही, कारण तिनांत दोन आलेच. व्यवहार मात्र ‘दोन’ याचा अर्थ ‘दोनच’ असा घेतो. संख्यावाचकाचा किमान अर्थ आणि नेमका अर्थ यांतील हे अंतर वर्गात आपण एका तासात शिकवून मोकळे होतो. कारखानदाराच्या बाबतीत त्यावर एखाद्या मालाची विक्री थांबणे किंवा चालू राहणे अवलंबून असू शकते. न्यायालये हा प्रश्न व्याकरणाने सोडवीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कोणता घटक शोधाचा गाभा आणि कोणता आनुषंगिक, असा हेतुप्रधान विचार ती करतात. परंतु विचाराचा आरंभ लिहिलेल्या शब्दापासूनच होतो.

इंग्रजी दाव्यांत यासाठी दोन क्रियापदे रूढ आहेत. एकाचा अर्थ ‘अंतर्भूत असणे’. ते दार उघडे ठेवते, जादा भाग जोडल्याने प्रतिस्पर्धी सुटत नाही. दुसऱ्याचा अर्थ ‘एवढ्यांचेच बनलेले असणे’. ते दार लावून घेते. मराठीत हेच कार्य ‘च’ हे एकाक्षरी अव्यय करते. ‘दोन प्लग असलेले इंजिन’ आणि ‘दोनच प्लग असलेले इंजिन’ यांत कायद्याच्या दृष्टीने केवढे अंतर पडेल! शिवाय ते अव्यय हलविले, की हद्दही हलते : ‘सिलिंडरलाच दोन प्लग’ म्हटल्यास निर्बंध प्लगांच्या संख्येवरून त्यांच्या स्थानावर जातो. पदक्रमाचीही अडचण आहे. इंग्रजीत विशेष्य आधी येऊन विशेषणवाक्ये मागून जोडली जातात. मराठीत ती विशेष्याच्या आधी साठत जातात. त्यामुळे मराठीतील दावा ‘असे एक इंजिन, की ज्यात…’ अशा संबंधवाचक घाटानेच लिहावा लागेल. तेथे ‘सदर’ आणि ‘उक्त’ ही आपल्या दस्तऐवजांतील जुनी पदे चांगली उपयोगी पडतील.

तूर्त हा विचार प्रयोगापुरताच आहे, कारण पेटंटाचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागतात. भोसरीचा वा चाकणचा लघुउद्योजक आपला शोध मराठीत सांगतो, आणि तोही ‘जॉब’, ‘फिक्स्चर’, ‘सेटिंग’ या शब्दांनी भरलेल्या कारखानी मराठीत. समोर यंत्र असल्याने ‘हे इथे असं बसतं’ एवढे त्यास पुरते. दर्शक सर्वनामांचा हा अर्थ कागदावर उतरत नाही. तो उतरवून घेताना जे राहून जाईल ते बहुधा कायमचे राहते, कारण पूर्ण विवरण दाखल झाल्यावर त्यात नवा आशय घालता येत नाही. तात्पुरते विवरण आधी देऊन पूर्ण विवरणासाठी १२ महिन्यांचा अवधी मिळतो, एवढीच काय ती सवड.

बजाज-टीव्हीएस वादात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये फ्लेमच्या विक्रीस हिशेब ठेवण्याच्या अटीवर मुभा दिली व असे दावे सामान्यतः चार महिन्यांत निकाली काढावेत असे सांगितले. उभय कंपन्यांची तडजोड झाली ती २०१९ मध्ये. अर्जाच्या तारखेपासून मोजावयाची पेटंटाची २० वर्षांची मुदत तोवर संपत आली होती.

म्हणूनच जाणता अभिकर्ता यंत्र पाहिल्यावर आधी त्याचे गुण विचारीत नाही. तो एकेका भागावर बोट ठेवून विचारतो : हे दोनच का? तीन केले तर चालेल? एक काढला तर? ज्या ठिकाणी उद्योजक ‘मग नाही चालणार’ असे म्हणतो, तेथे तो आपल्या वहीत खूण करतो.