गुलाब बाजूला ठेवा, साक्ष वाचा

हंगेरीची संत एलिझाबेथ (१२०७–१२३१) म्हटलं की गुलाबांची गोष्ट हमखास येते: गरिबांसाठी लपवून नेलेल्या पावांची फुलं झाली. आता १२३५ मध्ये, तिच्या संतपदाच्या चौकशीत चार सेविकांनी दिलेल्या साक्षी उघडून बघा. त्यात हा चमत्कार नाहीच! तीच गोष्ट पुढे पोर्तुगालच्या एलिझाबेथबद्दलही सांगितली गेली.

मग साक्षींत काय आहे? थुरिंगियाच्या या राज्यकर्त्याची बायको जेवायला बसल्यावर विचारायची, हे अन्न आलं कुठून? रयतेकडून अन्यायाने उकळलेलं असेल तर भरल्या पंगतीत उपाशी राहायची. हा नियम तिचा धर्मगुरू कोनराड याने घालून दिला होता, हेही साक्षीतच आहे. नवरा वारल्यावर तिने मारबुर्गला रुग्णालय काढलं, रोग्यांची सेवा स्वतः केली आणि चोविसाव्या वर्षी गेली.

गोष्टीत फक्त दान उरलं. ‘हे धान्य मुळात कुणाचं?’ हा अडचणीचा प्रश्न गळाला.

पण थांबा, साक्षही डोळे झाकून घेऊ नका. तीसुद्धा संतपद ठरवण्यासाठीच नोंदवलेली. तुमच्या विषयातलं कुठलंही साधन हाती आलं की आधी विचारा: हे कधी लिहिलं, कुणी आणि कशासाठी?