टोपी आपली, कारखाना परक्याचा

अंगावरच्या कपड्यावरून माणसाचा प्रांत, पेशा आणि कौम ओळखू येते, हे कापडाचा धंदा करणाऱ्या बांधवांना सांगण्याची गरज नाही. परंतु ज्या वस्तूवरून कौम ओळखली जाते ती वस्तू बनवतो कोण आणि तिचा नफा कोणाच्या गल्ल्यात जातो, ही चौकशी फारसे कोणी करीत नाही. या बाबतीत काळ्या गोंड्याच्या लाल तुर्की टोपीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे हिलाच रुमी टोपी म्हणत. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या छायाचित्रांत ती दिसते.

सुलतान महमूद दुसरे यांनी १८२९ साली सरकारी नोकरांना पगडीऐवजी ही टोपी सक्तीची केली. पगडीच्या घडणीवरून माणसाचा दर्जा आणि धर्म लगेच कळे. नव्या टोपीखाली सारे एकाच दौलतीचे चाकर दिसावेत, असा हेतू होता. सुरुवातीचा माल ट्युनिसच्या कारागिरांकडून आला. पुढे इस्तंबूलमध्ये ‘फेसहाने’ नावाचा सरकारी कारखानाही निघाला.

टोपी दिसते साधी, पण काम किचकट. आधी लोकरीची सैल, मोठी पिशवी विणायची. ती गरम साबणाच्या पाण्यात कुटून नमद्यासारखी घट्ट आटवायची. मग काटेरी बोंडांनी घासून तिच्यावर लव काढायची, रंगवायची आणि साच्यावर चढवून आकार द्यायचा. हाताने हे सारे करणाऱ्याला यंत्रापुढे टिकणे कठीणच! ऑस्ट्रियाच्या ताब्यातील बोहेमियात (आजचा चेक देश) स्ट्राकोनित्से गावी हाच माल कारखान्यात बनू लागला. त्याला रासायनिक रंगांची जोड मिळाली. भाव उतरले आणि तुर्कांच्या डोक्यावर ऑस्ट्रियाचा माल चढला.

हे लोकांच्या ध्यानी आले ते १९०८ च्या ऑक्टोबरात. ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडून घेतला, तेव्हा तुर्कस्तानात ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार पुकारला गेला. बंदरातील हमालांनी ऑस्ट्रियन जहाजांचा माल उतरवण्यास नकार दिला. लोकांनी भर रस्त्यात लाल टोप्या फाडल्या आणि पांढऱ्या नमद्याच्या टोप्या घातल्या. इभ्रतीची म्हणून मिरवलेली टोपीच शत्रूची निघाली होती! अखेर १९०९ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियाने २५ लाख तुर्की लिरा देण्याचे कबूल केले. बोस्निया मात्र परत मिळाला नाही.

इजिप्तमध्ये ह्याच टोपीला तरबूश म्हणतात. तेथेही ती राष्ट्राची खूण झाली होती आणि तेथेही माल बाहेरूनच येई. १९३१ साली अहमद हुसेन या तरुणाने व त्याच्या सोबत्यांनी माणशी एक किर्श, म्हणजे तिकडचे किरकोळ नाणे, गोळा करण्याची मोहीम काढली. त्या पैशातून १९३३ मध्ये कैरोत देशी तरबूशचा कारखाना सुरू झाला. वर्गणी मागून उद्योग उभा करणे ही साधी गोष्ट नव्हे.

पण व्यापाऱ्याने पुढचेही पाहावे. तुर्कस्तानात १९२५ सालीच कायद्याने ही टोपी बंद करून युरोपीय हॅट आणली होती. विरोध करणाऱ्या काहींना फाशी झाली. इजिप्तमध्ये १९५२ च्या क्रांतीनंतर तरबूश राजेशाहीची निशाणी ठरली आणि तिचा खप बसला. जी खूण सरकारच्या हुकमाने चालते ती दुसऱ्या हुकमाने बंदही पडते. अशा मालाचा मोठा साठा करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

धंदा अगदीच संपला असे मात्र नाही. कैरोच्या घुरिया भागात पितळी साच्यांवर तरबूश बनवणारे थोडे कारागीर उरले आहेत. पर्यटक हौसेने घेतात ते वेगळेच; पण अल-अझहरचे उलेमा आजही लाल तरबूशभोवती पांढरे कापड गुंडाळतात आणि त्यांची मागणी या कारागिरांकडे येत राहते.